क्रॉनिक फटीग सिंड्रोम, व्यायाम आणि रोगप्रतिकार यंत्रणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा आजार म्हणजे सततचा थकवाच ना?

नाही. थकवा हे या आजाराचे एक लक्षण आहे, आणि त्यावरूनच नाव पडल्यामुळे बराच गैरसमज झाला आहे. वैद्यकीय लिखाणात आता या आजाराला बहुधा मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस/क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे थोडक्यात एमई/सीएफएस असे म्हटले जाते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये मांडलेल्या निकषांनुसार निदानासाठी तीन गोष्टी असाव्याच लागतात : सहा महिन्यांहून अधिक काळ कामाची क्षमता लक्षणीय घटलेली असणे आणि सोबत विश्रांतीने न जाणारा थकवा असणे, श्रमानंतर त्रास बळावणे, आणि झोप होऊनही ताजेतवाने न वाटणे. यांच्या जोडीला विचारशक्ती मंदावणे किंवा उभे राहिल्यावर त्रास वाढणे यांपैकी निदान एक लक्षण असावे लागते. यांतील श्रमानंतरच्या त्रासावर पुढील बहुतेक प्रश्न बेतलेले आहेत, कारण या आजाराचा इतर थकव्यांपासूनचा वेगळेपणा प्रामुख्याने तिथेच दिसतो.

श्रमानंतर त्रास बळावतो म्हणजे नेमके काय होते?

एखाद्या निरोगी पण सवय नसलेल्या माणसाने जिने चढले, तर त्याला धाप लागते, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतात आणि विषय तिथेच संपतो. एमई/सीएफएसच्या रुग्णाला श्रम करताना कदाचित ठीक वाटते. त्यानंतर बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी मात्र घसा दुखणे, मानेच्या गाठी हुळहुळणे, अंगात कणकण वाटणे, डोके जड होणे, शब्द न आठवणे, प्रकाश आणि आवाज सहन न होणे असा लक्षणांचा मोठा जथा येतो आणि तो काही दिवस, कधी काही आठवडे टिकतो. श्रम म्हणजे केवळ शारीरिक कष्टही नव्हेत. तासभर एकाग्रतेने वाचणे किंवा भावनिक ताणाचा प्रसंग हेही पुरेसे असते.

घसा दुखणे, गाठी हुळहुळणे, कणकण येणे ही लक्षणे फ्लूच्या सुरुवातीची आहेत, आणि तीच एखाद्या फेरफटक्यानंतर उद्भवतात. फ्लूमध्ये ती विषाणूपेक्षा शरीराच्या प्रतिकारक्रियेमुळे अधिक जाणवतात. त्यामुळे श्रमानंतर रोगप्रतिकार यंत्रणेत काय घडते, हा प्रश्न संशोधकांना सुचणे स्वाभाविकच होते.

निरोगी माणसाच्या रोगप्रतिकार यंत्रणेवर व्यायामाचा काय परिणाम होतो?

बराच मोठा होतो आणि तो ठराविक क्रमाने होतो. व्यायाम सुरू होताच ॲड्रिनलिन वाढते, रक्तप्रवाह जोर धरतो आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असलेल्या पांढऱ्या पेशी प्रवाहात येतात. त्यांत प्रमाणाच्या हिशेबाने सर्वाधिक वाढ विषाणूबाधित पेशींना मारणाऱ्या नॅचरल किलर पेशींची असते. व्यायाम जोरदार असेल, तर तो थांबल्यानंतर एक-दोन तासांत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची संख्या मूळ पातळीच्याही खाली जाते, तर न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी काही तास चढ्याच राहतात. पेशींच्या या घसरणीचा अर्थ एकेकाळी ‘व्यायामानंतर प्रतिकारशक्ती खचते’ असा लावला जाई. आता अनेक तज्ज्ञ मानतात की त्या पेशी नष्ट झालेल्या नसून फुप्फुसे, आतडी अशा ठिकाणी गस्तीला गेलेल्या असतात.

दुसरी घडामोड स्नायूंत होते. आकुंचन पावणारा स्नायू स्वतःच इंटरल्युकिन-६ नावाचे सायटोकाइन, म्हणजे पेशींमधील निरोप्या रेणू, रक्तात सोडतो. मॅरेथॉनसारख्या प्रदीर्घ श्रमानंतर त्याची पातळी शंभरपटीपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. त्याच्या पाठोपाठ इंटरल्युकिन-१० आणि इंटरल्युकिन-१ रिसेप्टर अँटॅगोनिस्ट ही दाह शमवणारी द्रव्ये वाढतात. म्हणजे थोडी चाळवाचाळव, तिच्यामागोमाग शमन, आणि दिवसभरात सारे पूर्ववत, असा हा क्रम आहे. नियमित व्यायामाने दीर्घकालीन दाह कमी होतो असे जे म्हटले जाते, त्याचे एक कारण या दुसऱ्या टप्प्यात आहे असे मानले जाते.

एमई/सीएफएसच्या रुग्णांत यापेक्षा वेगळे काय आढळले?

या प्रश्नावरील अभ्यासांचा एकत्रित आढावा बेल्जियममधील संशोधक यो नाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. रुग्ण आणि निरोगी व्यक्ती यांना सारखाच व्यायाम देऊन आधीचे व नंतरचे रक्त तपासणारे अभ्यास त्यात विचारात घेतले होते. त्यातून तीन ठिकाणी फरक दिसला.

पहिला फरक कॉम्प्लिमेंट प्रणालीत आढळला. ही रक्तातील प्रथिनांची एक साखळी असून एक प्रथिन तुटले की पुढचे कार्यान्वित होते. सी४ हे प्रथिन तुटताना निघणारा सी४ए हा तुकडा रुग्णांच्या रक्तात व्यायामानंतर वाढलेला आढळला. २००३ च्या ज्या अभ्यासाने याकडे प्रथम लक्ष वेधले, त्यात ही वाढ व्यायामानंतर सहा तासांनी दिसली होती.

दुसरा फरक ऑक्सिडेटिव्ह ताणाचा आहे. श्रम करताना पेशींत ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार होतात आणि शरीर ते निकामी करणारी द्रव्ये वापरून त्यांना आवरते. रुग्णांत हा ताण अधिक असतो, आणि त्याला आवर घालणारी प्रतिक्रिया उशिरा येते व तोकडी पडते, असे दिसले. फ्रान्समधील मार्सेय येथील गटाने पेशींचे रक्षण करणाऱ्या हीट शॉक प्रथिनांबाबतही असाच उशीर आणि तोकडेपणा नोंदवला होता.

तिसरा फरक पांढऱ्या पेशींतील जनुकांच्या कार्यात, विशेषतः इंटरल्युकिन-१० आणि टीएलआर४ यांच्या जनुकांत आढळला. टीएलआर४ हा जिवाणूंचे घटक आणि ऊतींच्या इजेचे संकेत ओळखणारा ग्राहक रेणू (रिसेप्टर) आहे.

ज्याची सर्वांना अपेक्षा होती ते मात्र ठळकपणे आढळले नाही. रक्तात फिरणाऱ्या सायटोकाइनच्या पातळीत, मग ते दाह वाढवणारे असोत वा शमवणारे, रुग्ण आणि निरोगी यांच्यात सातत्याने दिसणारा फरक या आढाव्यात सापडला नाही. ‘व्यायामाने रुग्णांच्या अंगात सायटोकाइनचे वादळ उठते’ असे विधान कुठे वाचनात आले, तर ते या पुराव्याला धरून नाही असे खुशाल समजावे.

सायटोकाइन वाढत नसतील, तर फ्लू झाल्यासारखे का वाटते?

रक्तातील पातळी म्हणजे ऊतींतील स्थिती नव्हे. बहुतेक सायटोकाइन हाकेच्या अंतरावरील पेशींशी बोलण्यासाठी असतात. स्नायूत, लसिकाग्रंथीत किंवा मेंदूच्या आवरणात त्यांचे काम जोरात चालू असतानाही दंडातून काढलेल्या रक्तात त्याचा मागमूस नसू शकतो. शिवाय पातळी तीच राहून ती ऐकणाऱ्या पेशी किंवा संवेदी चेता अधिक हळव्या झाल्या असतील, तरीही त्रास तितकाच होईल. अमेरिकेतील युटा विद्यापीठातील ॲलन लाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम या दुसऱ्या शक्यतेकडे निर्देश करते.

ते काम काय होते?

या गटाने २००९ मध्ये १९ रुग्ण आणि १६ निरोगी व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहभागी व्यक्तीने हात आणि पाय दोन्ही वापरून चालवायच्या स्थिर सायकलवर २५ मिनिटे मध्यम व्यायाम करायचा, आणि त्या वेळी हृदयगती वयानुसार अपेक्षित कमाल गतीच्या सुमारे ७० टक्के ठेवायची, अशी रचना होती. शर्यतीत धावणाऱ्याच्या दृष्टीने हा व्यायाम म्हणजे अंग मोकळे करण्याइतकाच. रक्त मात्र एकदाच घेऊन भागवले नाही. व्यायामापूर्वी आणि नंतर अर्ध्या तासाने, आठ तासांनी, चोवीस तासांनी व अठ्ठेचाळीस तासांनी नमुने घेतले गेले आणि पांढऱ्या पेशींतील निवडक जनुकांचे आरएनए, म्हणजे ती जनुके किती कार्यरत आहेत हे दाखवणारे रेणू, मोजले गेले.

निरोगी व्यक्तींत या सौम्य व्यायामानंतर फारसे काही हलले नाही. रुग्णांत मात्र तीन गटांतील जनुकांचे कार्य वाढले : स्नायूंतील आम्ल आणि एटीपी (पेशींतील ऊर्जावाहक रेणू) यांसारखी द्रव्ये ओळखणारे ग्राहक, ॲड्रिनलिनचे ग्राहक आणि प्रतिकारक्रियेशी संबंधित काही रेणू. ही वाढ अर्ध्या तासातच दिसली आणि दोन दिवसांनंतरही पुरती ओसरली नव्हती. वेदना आणि थकवा यांची तीव्रताही या वाढीच्या जोडीने चढत गेली. अभ्यास लहान होता. पण रुग्ण ‘दुसऱ्या दिवशी पडलो’ असे सांगतात तेव्हा दुसऱ्या दिवशीचे रक्त पाहायला हवे, ही साधी गोष्ट त्याने ठसवली. व्यायामाच्या क्षणापेक्षा त्यानंतरच्या दोन दिवसांत काय घडते, तिथे या आजाराचा शोध घ्यावा असे या लेखकाचे मत आहे.

याहून अलीकडे काही हाती लागले आहे का?

होय. कॉर्नेल विद्यापीठातील गटाने २०२४ मध्ये एकेका पेशीतील जनुकांचे कार्य स्वतंत्रपणे तपासणारे तंत्र वापरले आणि व्यायामापूर्वीचे व नंतरचे रक्त पाहिले. त्यात मोनोसाइट या प्रकारच्या पांढऱ्या पेशींमध्ये सर्वांत ठळक बिघाड दिसला. या पेशी जणू ऊतींकडे जाण्यासाठी सतत तयार ठेवल्या जात असाव्यात, असे त्यांच्या जनुकांवरून वाटते. रुग्णाच्या सगळ्याच मोनोसाइट बिघडलेल्या नसतात. बिघडलेल्या आणि ठीक अशा दोन्ही एकाच रक्तात एकत्र असतात. सर्व पेशी एकत्र घोटून सरासरी काढणाऱ्या जुन्या पद्धतींत हा फरक झाकला जात असणार, हे उघड आहे.

नॅचरल किलर पेशी कमी असतात असे वाचले. ते खरे आहे का?

संख्येपेक्षा त्यांची मारक क्षमता कमी असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे, मात्र सर्व अभ्यासांत नाही. ही नोंद विश्रांतीच्या अवस्थेतील आहे.

हा सारा केवळ हालचाल कमी झाल्याचा परिणाम नाही का?

ही शंका रास्त आहे, कारण महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेल्या कोणाचेही शरीर शिथिल होतेच. तिची कसोटी पाहण्याचा एक मार्ग म्हणजे लागोपाठ दोन दिवस घेतली जाणारी हृदय-फुप्फुस व्यायामचाचणी. व्यक्तीच्या तोंडा-नाकावर घट्ट मास्क बसवतात, छातीवर ईसीजीचे पॅच लावतात आणि सायकलचे पेडल दर मिनिटाला थोडे थोडे जड करत नेतात. प्रत्येक श्वासातील ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. चोवीस तासांनी हेच पुन्हा केले जाते.

बैठ्या सवयीची पण निरोगी व्यक्ती दोन्ही दिवशी जवळपास सारखेच आकडे देते. शरीर शिथिल असले, तरी ते दोन्ही दिवशी सारखेच शिथिल असते. एमई/सीएफएसच्या अनेक रुग्णांत मात्र दुसऱ्या दिवशी व्हेंटिलेटरी थ्रेशोल्ड ही पायरी, म्हणजे ऑक्सिजनचा पुरवठा मागणीला पुरेनासा होऊ लागतो तो टप्पा, कमी श्रमातच येते. रुग्णाने मुद्दाम कमी जोर लावला असावा असा आक्षेप घेतला जातो. पण ही पायरी कमाल श्रमाच्या बऱ्याच आधी येते आणि ती इच्छेनुसार बदलता येत नाही. म्हणून हालचालींचा अभाव हे एक भर घालणारे कारण असू शकते, मूळ कारण म्हणून ते पुरत नाही.

आजार संसर्गानंतर सुरू झाला. त्याचा व्यायामानंतरच्या प्रतिक्रियेशी संबंध असेल का?

संसर्गानंतर सुरुवात होणे सर्रास आढळते. ऑस्ट्रेलियातील डब्बो भागात २५३ व्यक्तींचा एप्स्टाइन-बार विषाणू, क्यू फीव्हर किंवा रॉस रिव्हर विषाणूच्या संसर्गानंतर पाठपुरावा करण्यात आला. सहा महिन्यांनी सुमारे ११ टक्के व्यक्ती क्रॉनिक फटीग सिंड्रोमच्या निकषांत बसल्या. विषाणू, जिवाणू वेगवेगळे, आणि शेवटी दिसणारे चित्र मात्र एकच होते. मानसिक त्रासाच्या आधीच्या इतिहासापेक्षा मूळ संसर्ग किती तीव्र होता, यावरून पुढचे भाकीत अधिक चांगले करता आले. संसर्ग आटोपल्यावरही प्रतिकार यंत्रणेचा कोणता तरी भाग सावधानच राहतो आणि श्रम त्याला पुन्हा छेडतात, ही कल्पना त्यामुळे आकर्षक वाटते. तिला निर्णायक पुरावा अजून मिळालेला नाही.

लाँग कोविडमध्येही हेच होते का?

लाँग कोविडच्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांना श्रमानंतर हाच त्रास होतो, आणि काही जण एमई/सीएफएसच्या निकषांतही बसतात. ॲमस्टरडॅममधील संशोधकांनी २०२४ मध्ये अशा २५ रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे तुकडे त्रास उद्भवण्याआधी आणि नंतर तपासले. श्रमानंतर स्नायूतंतूंना झालेली इजा निरोगी व्यक्तींपेक्षा अधिक होती, पेशींतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या मायटोकाँड्रियाचे कार्य घटले होते आणि प्रतिकार पेशी स्नायूत शिरल्याच्या खुणाही होत्या. रक्तात न दिसणारी गोष्ट ऊतीत दिसू शकते, या वर मांडलेल्या मुद्द्याला याने बळ मिळते. मात्र हे निष्कर्ष एमई/सीएफएसच्या प्रत्येक रुग्णाला जसेच्या तसे लावणे घाईचे ठरेल.

वेगवेगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष जुळत का नाहीत?

याचा बराचसा दोष आजाराइतकाच पद्धतींचाही आहे. १९९४ च्या फुकुदा निकषांत श्रमानंतरचा त्रास असणे बंधनकारक नव्हते. २००३ च्या कॅनेडियन निकषांत तो आवश्यक ठरला. म्हणजे पहिल्या निकषांनी निवडलेल्या गटात हा त्रास मुळीच नसलेल्या व्यक्तीही असू शकतात, आणि अशा गटात श्रमानंतरचे बदल शोधणे म्हणजे अर्धा हिशेब आधीच हुकलेला असणे. व्यायामही कुठे दमछाक होईपर्यंतचा, कुठे वीस-पंचवीस मिनिटांचा सौम्य, तर कुठे केवळ एका स्नायूचा असतो. रक्त कधी लगेच घेतले जाते, कधी दुसऱ्या दिवशी.

बारीकसारीक गोष्टींनीही आकडे हलतात. घाम आणि रक्तदाबामुळे व्यायामादरम्यान रक्तातील द्रव घटतो, त्यामुळे काहीही नव्याने तयार न होता प्रथिनांची पातळी वाढलेली दिसते. ही दुरुस्ती सर्वच संशोधक करत नाहीत. रक्त गोठू देऊन सिरम काढले की न गोठवता प्लाझ्मा काढला, नमुना किती वेळ खोलीच्या तापमानाला राहिला, सकाळी घेतला की संध्याकाळी, यानेही सायटोकाइन बदलतात. आजाराचा कालावधी हाही घटक आहे : २०१५ मधील एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात तीन वर्षांपेक्षा कमी काळ आजारी असलेल्यांत अनेक सायटोकाइन वाढलेले दिसले, जुन्या रुग्णांत दिसले नाहीत. दोघांना एका गटात घातले, तर बेरीज-वजाबाकी होऊन हाती शून्य येणे साहजिक आहे.

व्यायामानंतर रक्त तपासून आजाराचे निदान करता येईल का?

आज येत नाही. सी४ए असो वा एखादे सायटोकाइन, निदानासाठी मान्यता मिळालेली अशी एकही चाचणी नाही. रोजच्या रक्ततपासण्या केल्या जातात त्या थायरॉइड, ॲनिमिया यांसारखी इतर कारणे वगळण्यासाठी.

मग प्रतिकार यंत्रणेवरची औषधे घेऊन उपयोग होईल का?

आजवरचा अनुभव सावध करणारा आहे. प्रतिपिंडे बनवण्याशी संबंधित बी पेशी नष्ट करणाऱ्या रिटुक्सिमॅब या औषधाने सुरुवातीच्या लहान अभ्यासांत मोठी आशा निर्माण केली होती. नॉर्वेतील १५१ रुग्णांच्या नियंत्रित चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, ते औषध प्लासेबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ द्रावापेक्षा, सरस ठरले नाही. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ म्हणून विकली जाणारी उत्पादने तर मुळात चुकीच्या गृहीतकावर उभी आहेत, कारण इथला प्रश्न शक्ती कमी असण्याचा नसून नियमन बिघडल्याचा असावा असे दिसते. श्रमानंतरचा ऑक्सिडेटिव्ह ताण वाढलेला आढळला म्हणून अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी आजार बरा होतो, असेही त्यातून निघत नाही.

व्यायाम करावा की करू नये?

या प्रश्नावर गेल्या दीड दशकात सर्वाधिक वाद झाला. ब्रिटनमधील ६४१ रुग्णांच्या पेस चाचणीने २०११ मध्ये टप्प्याटप्प्याने वाढवत नेलेला व्यायाम उपयोगी असल्याचे म्हटले. कोणता उपचार चालू आहे हे रुग्णाला ठाऊक असताना त्याच्याच सांगण्यावरून मोजमाप केले गेले, आणि बरे होण्याची व्याख्या मूळ आराखड्यापेक्षा सैल करण्यात आली, अशी त्यावर कडक टीका झाली. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या नाइस (NICE) या संस्थेने ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत भूमिका बदलली : ठरलेल्या वेळापत्रकाने श्रम वाढवत नेणारा कोणताही कार्यक्रम या आजारावरचा उपचार म्हणून देऊ नये. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनेही २०१७ मध्ये तशी शिफारस आपल्या माहितीतून काढून टाकली होती.

याचा अर्थ रुग्णाने हलूच नये असा नाही. आपल्या ऊर्जेच्या मर्यादेत राहून, त्रास बळावण्याआधी थांबून, कामाचे तुकडे पाडून आणि मध्ये विश्रांती घेऊन दिवस आखणे, याला पेसिंग म्हणतात. ज्याची स्थिती स्थिर आहे आणि ज्याला स्वतःला हालचाल वाढवावीशी वाटते, त्याने हा आजार जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली तसा प्रयत्न करायला नाइसची हरकत नाही. काही जण मनगटावरील हृदयगतिमापकाचा आधार घेतात आणि गती ठरवलेल्या मर्यादेवर गेली की बसतात. निर्णय त्याच दिवशीच्या उत्साहावर घेऊ नये, इतके मात्र वरील प्रयोगांवरून आग्रहाने सांगता येते. एखाद्या हालचालीचा हिशेब किमान दोन दिवस वाट पाहूनच मांडावा, आणि त्रास वाढला तर तो ‘सवय होईपर्यंत’ म्हणून रेटू नये.

संशोधनासाठी व्यायामचाचणी देण्याची विनंती आली आहे. होकार द्यावा का?

चाचणीनंतर काय होते हे आधी नीट विचारून घ्यावे. दोन दिवसांच्या चाचणीनंतर पूर्वस्थितीला येण्यास रुग्णांना सरासरी सुमारे दोन आठवडे लागले, तर बैठ्या पण निरोगी व्यक्तींना सुमारे दोन दिवस, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. सरासरीहून बराच अधिक काळ लागलेलेही रुग्ण त्यात होते. जाण्या-येण्याचे श्रम, चाचणीनंतर घरी कोण मदतीला असेल, पुढील नमुन्यांसाठी पुन्हा जावे लागेल की कोणी घरी येऊन रक्त घेईल, आणि मध्येच थांबण्याची मुभा आहे का, हे प्रश्न संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी विचारावेत. घराबाहेर पडूच न शकणाऱ्या रुग्णाने अशी चाचणी देऊ नये. याच कारणाने व्यायाम आणि प्रतिकारक्रिया यांविषयी आज जे काही ज्ञात आहे, ते जवळजवळ सर्व सौम्य ते मध्यम आजार असलेल्यांकडून आलेले आहे. तीव्र आजार असलेल्यांच्या बाबतीत अंथरुणातच कूस बदलणे हाच श्रम धरून, घरच्या घरी रक्ताचे नमुने घेणारे अभ्यास आखावे लागतील.